नऊ पॉइंट आठ

कॅन तुम्ही धुतलात. कोणाच्या हातांनी धुतला हे मला माहीत नाही, कोणाच्या सांगण्यावरून धुतला हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. बुधवारी सकाळी पावणेआठला मी दुसऱ्या मजल्यावर, केमिस्ट्री लॅबच्या गॅलरीत उभी होते. तो पांढरा प्लास्टिकचा कॅन कठड्याला टेकवून उलटा ठेवलेला होता, तोंडातून अजून पाणी ठिबकत होतं, आणि ज्या बाजूला आमच्या लॅबच्या जुन्या अटेंडंटनी, हौसेरावांनी, काळ्या मार्करने लिहिलेलं असायचं ती बाजू तारेच्या घासणीने घासून खरखरीत केलेली होती. लॅबमधला कॅन असा घासलेला मी गेल्या वर्षी, पहिल्या वर्षाला असताना, एकदाही बघितला नव्हता. बेसिन घासत नाहीत तुमच्याकडे, कॅन कुठला घासताय. मग शुक्रवारी बोर्डावर नोटीस लागली, की मंगळवारी वापरलेल्या द्रावणाची तपासणी केली असता ते योग्य तीव्रतेचं आढळलं. कुठलं द्रावण तपासलंत? जे होतं ते तर गटारात गेलं होतं. आणि काल, सोमवारी, चौकशी समितीचे तुम्ही तिघं टेबलापलीकडे बसून मला म्हणालात, "रंजिता, घाबरू नकोस, तू साक्षीदार आहेस. फक्त दोन ओळी लिहून दे. मी अमुक तारखेला प्रयोग केला, रीडिंग नऊ पॉइंट आठ आलं. बस." मी म्हटलं, घरी नेऊन लिहिते. तुम्ही एकमेकांकडे बघितलंत. मधल्या सरांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "दोन ओळींना घर कशाला लागतं?"

लागतं. हे सगळं त्या दोन ओळींत बसत नाही.

मी बोनकोडे गावची. दहावीपर्यंत मराठी शाळा, अकरावी-बारावी कशीबशी, आणि मग बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, जिथे पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं आणि त्यातले 'इज' आणि 'ऑफ' सोडून मला काहीच कळलं नाही. आमच्या घरात रसायन नवीन नव्हतं. माझे वडील, कमळाकर, बावीस वर्षं तुर्भ्याला एका कंपनीत कंत्राटावर ड्रम ढकलायचे. घरी आले की आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत टाकायची, काठीने. पण त्या रसायनाला नाव नव्हतं, त्याला वास होता, रंग होता, आणि ते लागलं तर काय करायचं याचे नियम होते. कॉलेजातल्या रसायनाला फक्त नाव होतं. सप्टेंबरच्या पहिल्या चाचणीत मला वीसपैकी तीन मिळाले आणि मी जिन्यात बसून पेपर चार घड्या करून ओढणीखाली दाबत होते, तेव्हा एक मुलगी वरून उतरत आली, थांबली, आणि म्हणाली, "मला सहा आहेत. पण मला माहितीये माझं कुठे चुकलं. तुझं दाखव." ती वैष्णवी. जुईनगरची. वडील पोस्टात, मूळचे संगमनेरकडचे. त्या दिवसापासून ती मला शिकवायला लागली आणि शिकवता शिकवता स्वतः शिकायला लागली. तुमच्या कॉलेजात मी जे काही शिकले ते त्या जिन्यात.

मोल म्हणजे काय हे मला कळत नव्हतं. वैष्णवी म्हणाली, डझन असतो ना, तसा. मी म्हटलं, डझन केळ्यांचा असतो, दिसतो. हे तर दिसतच नाही. ती दोन दिवस विचार करत राहिली. मग मी सहज सांगितलं की आमच्याकडे बोंबील शेकड्यावर घेतात, बांगडापण शेकड्यावर. तिने माझा दंडच धरला. "शंभर बोंबील आणि शंभर बांगडे. आकडा तोच. वजन?" मी म्हटलं, "वजन कसं तेच असेल, येडी आहेस का, बोंबील म्हणजे पाणी." ती म्हणाली, "झालं की मग. हेच. कार्बनचा शेकडा, ऑक्सिजनचा शेकडा." ती मासे खात नाही. पण त्यानंतर वहीत ती मोलला 'शे' लिहायची, 'दोन शे सोडियम', आणि मॅडमनी एकदा विचारलं हे काय आहे तर म्हणाली, शॉर्टफॉर्म. मला अजून झोपेतून उठवून कोणी विचारलं तर मी मोल सांगू शकेन, आणि सांगताना मला आधी बोंबलाचा वास येईल, मग तिचा आवाज. तो आवाज आता कसा आहे ते पुढे सांगते.

दुसरा अभिराम. कोपरखैरण्याला त्यांच्या सोसायटीचं एक क्लबहाऊस आहे, टेबल टेनिसचं टेबल आणि मोडक्या खुर्च्या. शनिवारी दुपारी आम्ही सहा-सातजण तिथे बसायचो. गेटवर वॉचमन वहीत नाव-गाव लिहून घ्यायचा, आणि मी बोनकोडे लिहिलं की तो एकदा वर बघायचा. अभिरामचा मोठा भाऊ आमच्याच कॉलेजात शिकून गेला, त्यामुळे अभिरामकडे सगळं होतं. भावाची जर्नलं, भावाच्या मित्रांची जर्नलं, त्यांच्या आधीच्या बॅचची. कुठला प्रयोग कुठल्या आठवड्यात येतो, बाटली नंबर चारमध्ये कुठलं मीठ असतं, तोंडी परीक्षेत बाहेरून आलेले सर काय विचारतात. तो वाईट मुलगा नाही, हे मला लिहिलंच पाहिजे, कारण काल तुम्ही त्याला 'कॉपीचं रॅकेट' म्हणालात. तो तासन्‌तास शिकवायचा. मराठी मीडियमवाल्यांना तो मराठीतून सांगायचा, चिडायचा नाही. "हे बघ रंजू," म्हणायचा, "प्रॅक्टिकल म्हणजे सत्यनारायण. मांडणी करायची, मंत्र म्हणायचे, प्रसाद घ्यायचा. देव आला होता का हे कोणी विचारतं का?" सगळे हसायचे. मीपण हसायचे. वैष्णवी हसायची नाही. ती म्हणायची, "मग करायचं कशाला?" आणि तो म्हणायचा, "टर्मवर्कला."

तुम्ही आता म्हणाल की रीडिंग बनवतात हे तुम्हाला माहीत नव्हतं. हे वाक्य लिहिताना मला हसू येतंय आणि ते हसू चांगलं नाही. ब्युरेट म्हणजे खुणा केलेली उभी नळी, खाली तोटी. वरून ॲसिड थेंबथेंब सोडायचं, खाली चंबूमध्ये अल्कली, त्यात दोन थेंब सूचक घातलेलं, त्यामुळे सगळं गुलाबी. ज्या थेंबाला गुलाबी जातं, तिथे थांबायचं आणि नळीवरचा आकडा वाचायचा. तीनदा करायचं. तीनदा सारखा आला पाहिजे. प्रामाणिकपणे केलं तर ॲसिड-अल्कलीचा तो प्रयोग पाऊण तासाचा आहे. ब्युरेटी चौदा, त्यातल्या पाच गळक्या. मुलं वीस. आणि वेळेवर संपवून जर्नलवर सही घ्यायची असते. म्हणून आदल्या दिवशी ग्रुपवर आकडा येतो. नऊ पॉइंट आठ. कोणी नऊ पॉइंट सात लिहितं, कोणी नऊ पॉइंट नऊ, नैसर्गिक दिसावं म्हणून. पहिल्याच प्रयोगाला मी खरं रीडिंग लिहिलं होतं, अकरा पॉइंट चार. मॅडमनी वाचलंही नाही, लाल पेनाने गोल केला, आणि म्हणाल्या, "हे कसं येईल? रिपीट." मी रिपीट केलं. परत अकरा पॉइंट चार आलं, कारण माझी ब्युरेट गळकी होती आणि मला ते कळत नव्हतं आणि कोणी येऊन बघितलं नाही. तिसऱ्यांदा मी ब्युरेटला हातच लावला नाही, नऊ पॉइंट सात लिहिलं, आणि मॅडम म्हणाल्या, "गुड. बघ, लक्ष दिलं की येतं." त्या 'गुड'ने मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकाने शिकवलं नाही. खरं येतं ते चूक असतं. बरोबर असतं ते आधीच कुठेतरी लिहिलेलं असतं, आणि ते माहीत असलेले लोक ओळखीचे असावे लागतात.

मंगळवार. आमची बॅच सकाळची, आठची. वैष्णवीची दुपारची, साडेबाराची. मॅडम हजेरी घेऊन खाली गेल्या, कॉलेजची तपासणी करायला बाहेरची कमिटी येणार होती, फायली लावायच्या होत्या. हौसेराव जूनमध्ये रिटायर झाले आणि त्यांच्या जागी कोणी आलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे, कारण आणणं तुमचं काम होतं. ऑफिसातला अंकुश चहाचे कप ठेवून वर येतो आणि बाटल्या भरतो. हौसेराव असताना मी बघितलेलं आहे, ते सोमवारी अल्कलीचं दहापट तीव्र द्रावण कॅनमध्ये करून ठेवायचे, कॅनवर मोठ्ठं 'दहापट' लिहायचे, आणि ज्या दिवशी प्रयोग त्या दिवशी सकाळी एकाला नऊ पाणी घालून बाटल्या भरायचे. प्रत्येक वेळी. तोंडाने मोजत, एक, दोन, तीन, देवाला प्रदक्षिणा घातल्यासारखे. अंकुशला हे कोणी सांगितलं होतं का? त्या सकाळी मी आत आले तेव्हा तो कॅन तिरपा करून सरळ बाटल्यांमध्ये ओतत होता. मी ते बघितलं. डोळ्यांनी बघितलं. आणि माझ्या मनात काही आलं नाही. हे वाक्य मी चार वेळा खोडून परत लिहिलंय. काही आलं नाही.

द्रावण मोजून घ्यायला पिपेट असते. काचेची नळी, तोंडाने ओढायची. रबरी फुगा लावून ओढायची पद्धत आहे म्हणतात, पुस्तकात चित्र आहे. आपल्याकडे फुगे तीन, तिन्ही तडकलेले, कपाटात, किल्ली मॅडमकडे. सगळे तोंडाने ओढतात. मला भीती वाटते म्हणून मी मेजरिंग सिलिंडरने दहा मिली घेतलं. घेताना थोडं बोटांवर आलं. मी बोटं एकमेकांवर घासली आणि ती सरकली. बुळबुळीत. साबण लावून धुतली नाहीत तशी. हा स्पर्श मला माहीत होता. लहानपणी बाबांच्या बुटाला हात लावला होता, बुटावर ओलं होतं, आणि बोटं अशीच सरकली होती, आणि बाबा, जे कधी ओरडत नाहीत, ओरडले होते, "पुसू नको, पयला पानी मार, पानी!" आणि मला उचलून मोरीत नळाखाली धरलं होतं, फ्रॉकसकट. मी बेसिनकडे गेले, हात धुतला, परत आले. सूचक घातलं. गुलाबी झालं, पण नेहमीचं गुलाबी नाही, जांभळ्याकडे झुकलेलं, चंबूच्या काचेला चिकटल्यासारखं. मी तोटी उघडली.

दहाला गेलं नाही. पंधराला गेलं नाही. वीसला मी तोटी बंद केली आणि आजूबाजूला बघितलं. सगळे लिहीत होते. तीस. चाळीस. थेंब पडतो त्या जागी एक क्षण पांढरं वर्तुळ होतं, चंबू हलवला की गुलाबी त्याच्यावर परत येतं, मिटवल्यासारखं. पन्नासला ब्युरेट संपली. मी परत भरली. मला वाटत होतं की हे पूर्ण वर्गाला दिसतंय, की रंजिताला साधं गुलाबी घालवता येत नाही. ऐंशीला मी थांबले. चंबू जड झाला होता. त्यात ते गुलाबी नुसतं बसून होतं. मला वाटलं ते माझ्याकडे बघतंय. हसू नका, मला वाटलं. अभिराम मागून म्हणाला, "काय गं, होळी खेळतेस काय?" मी म्हटलं, "जात नाहीये." तो म्हणाला, "सिलिंडरने घेतलंस ना? मग असंच होणार. पिपेटने घ्यायचं असतं, म्हणूनच तर पिपेट असते. ओत ते. नऊ पॉइंट आठ लिही आणि चल, मला भूक लागलीय." माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. खरं सांगते. माझंच चुकलं होतं, एवढं सोपं होतं ते. मी बेसिनमध्ये ओतलं. गुलाबी पाणी गोल फिरत गेलं. मी लिहिलं नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट आठ, नऊ पॉइंट आठ. मॅडम सव्वादहाला वर आल्या आणि वीस जर्नलांवर सह्या केल्या. वीस सह्या, मी मोजल्या नाहीत पण वेळ बघितली होती, पाच मिनिटं. माझ्या पानावर सही करताना त्यांच्या बांगड्या जर्नलला लागून वाजल्या.

बाराला जिन्यात वैष्णवी भेटली. डबा खाऊन वर चालली होती, केसांना पिन लावत, पिन दातांत. "कसा होता गं?" तिने विचारलं. दातांत पिन असल्यामुळे ते नीट ऐकू आलं नाही, पण मला कळलं. हा तोच जिना. इथेच तिने म्हटलं होतं, मला माहितीये माझं कुठे चुकलं, तुझं दाखव. मी तोंड उघडलं. मी म्हणणार होते, गुलाबी जात नव्हतं गं. आठ-दहा शब्द. पण मग तिने विचारलं असतं, किती घेतलंस, कशाने घेतलंस, आणि सिलिंडर ऐकून तिने कपाळाला हात लावला असता, आणि तिच्यासमोर मूर्ख दिसणं मला त्या क्षणी जड गेलं. एवढंच. मी म्हटलं, "सोपा आहे. नऊ पॉइंट आठ." तिने पिन तोंडातून काढली आणि म्हणाली, "आकडा नको सांगूस, मी करणारे." आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

त्यानंतरचं मी बघितलेलं नाही. मला ते ऋताने सांगितलं, ती दुपारच्या बॅचला असते. बाटलीतलं संपत आलं होतं, बीकरमध्ये तळाशी थोडंसं होतं. पिपेटचं टोक द्रावणाबाहेर आलं की हवा जाते आणि आतलं सगळं एकदम तोंडात येतं, हे पुस्तकात आहे. वैष्णवीच्या तोंडात आलं. पातळ द्रावण असतं तर थू करून, चूळ भरून, ती हसली असती. तिने अर्धं गिळलं, दचकून. ऋता म्हणाली ती ओरडली नाही. तिने बीकर नीट टेबलावर ठेवला आणि गळ्याला दोन्ही हात लावून खाली बसली. कोणीतरी म्हणालं, दूध द्या. कोणीतरी म्हणालं, लिंबू द्या. अंकुश धावत खाली गेला. मॅडम फायली लावत होत्या.

त्या संध्याकाळी मी घरी भाकरी थापत होते आणि पीठ बोटांना चिकटत नव्हतं, सालं निघत होती. आईने बघितलं. "काय लावलंस गो बोटांना?" बाबा खाटेवर बसून होते, त्यांनी हात धरून उजेडात नेला. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी आणि सुरकुतलेली झाली होती. त्यांनी नुसता अंगठा फिरवला. "कॉस्टिक सोडा हाय," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, ते एकदम पातळ असतं. पॉइंट वन." त्यांनी विचारलं, "कोन सांगला तुला?" मी म्हटलं, "लिहिलेलं असतं." बावीस वर्षं ज्याने ते अंगावर घेतलं त्याने माझं बोट हातात धरून सांगितलं की हे कॉस्टिक आहे, आणि मी त्याला लेबल वाचून दाखवत होते. मग फोन वाजला. ग्रुपवर होतं, वैष्णवी सीरियस, काहीतरी प्यायली लॅबमध्ये.

'काहीतरी प्यायली.' तेव्हाच सुरू झालं होतं ते. मला कळायला आठवडा लागला.

शनिवारी मी हॉस्पिटलात गेले. तिचे ओठ सुजून उलटे झालेत, कोपऱ्यांना काळपट खपली. नाकातून नळी. तिची आई बाहेर बाकावर बसली होती, मांडीवर डब्याची पिशवी, रिकामी. सवयीने आणली असणार. वैष्णवीला बोलायचं नाही असं सांगितलंय, तरी तिने बोलायचा प्रयत्न केला, आणि जो आवाज आला तो आवाज नव्हता, कागद घासल्यासारखं काहीतरी होतं. मग तिने खूण करून वही मागितली आणि लिहिलं, 'किती आलं सगळ्यांना?' मी त्या प्रश्नाकडे बघत राहिले. ती आजारी पडलेल्या मुलीसारखी नव्हती विचारत. ती अजून प्रयोग करत होती. तिच्या डोक्यात तो पूर्ण झाला नव्हता. मी लिहिलं, 'नंतर सांगते.' बाहेर डॉक्टर तिच्या वडिलांना सांगत होते की आता बरी दिसतेय, उद्या अजून बरी दिसेल, पण खरी भीती तीन आठवड्यांनी. आतली जखम भरताना आवळत जाते. अन्ननळी बारीक होत जाते. आज पाणी जाईल, मग जाणार नाही. किती आवळेल हे आत्ता कोणीच सांगू शकत नाही. वडील मान हलवत होते. पोस्टातल्या माणसासारखे, गिऱ्हाइकाचं ऐकून घेतात तसे. मी तेव्हापासून गिळताना लक्ष देते. चहाचा घोट जिथून जातो ती जागा मला समजते, तिथे मला काहीतरी हळूहळू वळताना जाणवतं, पिळा घातल्यासारखं. अठरा दिवस बाकी आहेत. मी मोजत नाही असं म्हणून मोजते.

आणि काल तुम्ही मला विचारलंत, "तिला घरी काही टेन्शन होतं का?" मी म्हटलं, नाही. उजवीकडच्या मॅडम, प्रॅक्टिकलच्या नव्हे, दुसऱ्या, म्हणाल्या, "मैत्रीण आहेस ना? कोणी मुलगा वगैरे?" मी म्हटलं, नाही. मधले सर पुढे झुकले आणि खूप मऊ आवाजात म्हणाले, "बेटा, हे बघ. सकाळच्या बॅचची वीस जर्नलं आमच्याकडे आहेत. वीसच्या वीस, नऊ पॉइंट सात ते नऊ पॉइंट नऊ. म्हणजे द्रावण बरोबर होतं, हे सिद्ध आहे. इतक्या सौम्य द्रावणाने असं होऊच शकत नाही. मग तिने दुसरं काहीतरी घेतलं असणार. स्वतःहून." माझं जर्नल वर उघडं होतं. माझं अक्षर. तीन ओळी, नऊ पॉइंट आठ, खाली सही, लाल टिक. जिने मला आकडा नको, मी करणारे म्हटलं, तिला तुम्ही माझ्या खोट्या आकड्याने वेडी ठरवणार होता. तिने स्वतःहून घेतलं. पोलिसांच्या कागदावर तेच जाईल, तिच्या आईच्या कानावर तेच जाईल, जुईनगरच्या त्यांच्या बिल्डिंगमध्ये तेच बोललं जाईल, आणि ती तर बोलूच शकत नाही.

काल संध्याकाळी क्लबहाऊसमध्ये सगळे जमले. टेबल टेनिसच्या टेबलाभोवती, लग्नाच्या बोलणीला बसतात तसे. अभिरामचा चेहरा उतरलेला होता, त्याने दोन दिवस दाढी केली नव्हती. तो म्हणाला, "रंजू, लिहून टाक. सगळ्यांनी लिहिलंय. तू वेगळं लिहिलंस तर वीस जणांचं टर्मवर्क रद्द. वर्ष जाईल." मी म्हटलं, "गुलाबी गेलं नव्हतं माझं. ऐंशीपर्यंत." तो म्हणाला, "तू सिलिंडरने घेतलं होतंस." मी म्हटलं, "सिलिंडरने दहाचे शंभर होत नाहीत, अभिराम. तू मला शिकवलंयस." पंखा खडखडत होता. मग मितेश, जो नेहमी मागे बसतो, खाली बघत म्हणाला, "माझंपण गेलं नव्हतं." मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "तीसपर्यंत केलं. मला वाटलं मी ॲसिडच्या जागी पाणी भरलंय. ओतून टाकलं." मग भाविका म्हणाली, तिचंपण. तिला वाटलं सूचक जास्त पडलं. मग अजून दोघं. पाचजण. पाच चंबू, पाच बेसिनं, पाच वेळा तेच गुलाबी गटारात गेलं, एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि प्रत्येकाला वाटलं की माझंच चुकलंय, बाकीच्यांचं बरोबर आहे. बाकीच्या पंधरांनी तोटी उघडलीच नव्हती. एकाने जरी तोंड उघडलं असतं तर दुसऱ्याने उघडलं असतं. आम्ही एकमेकांना सगळं शिकवलं, मोल, व्हॅलन्सी, बाटली नंबर चार. 'मला आलं नाही' हे म्हणायला फक्त एकजण शिकवत होती, आणि ती दुपारच्या बॅचला होती.

अभिराम हळू म्हणाला, "पण आता बोलून ती बरी होणारे का?" मी उठले. तो माझ्या मागे गेटपर्यंत आला. मी वॉचमनच्या वहीत वेळ लिहिली. अभिराम म्हणाला, "माझं नाव घेणार?" मी म्हटलं, "तुझं, माझं, मितेशचं. सगळ्यांचं." तो म्हणाला, "आई मारून टाकेल." मग म्हणाला, "भावाचं जर्नल देऊ का तुला? त्यातपण नऊ पॉइंट आठच आहे. चार वर्षांपूर्वीचं. त्याच्या सीनियरचंपण तेच." मी हो म्हटलं. आज सकाळी तो ती दोन्ही जर्नलं घेऊन आमच्या दारात उभा होता, बोनकोड्यात पहिल्यांदाच आला असेल, चपला बाहेर काढून, आईने चहा दिला तर उभ्यानेच प्यायला. त्या दोन जर्नलांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. या जबाबाची एक प्रत वैष्णवीच्या वडिलांना दिली आहे, एक पोलीस चौकीत. ही तुमची तिसरी आहे, त्यामुळे ही धुवायला घेऊ नका.

तुम्हाला दोन ओळी हव्या होत्या. या घ्या. मंगळवारी मी प्रयोग केला, ऐंशी मिलीपर्यंत गुलाबी गेलं नाही, आणि मी नऊ पॉइंट आठ लिहिलं. मी खोटं लिहिलं, त्याची शिक्षा द्या, वर्ष घ्या, मी पुढच्या वर्षी परत बसेन. माझ्यासकट पाचजणांच्या सह्या खाली आहेत, बाकीच्यांचं त्यांनी बघावं.

पण मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे, आणि ती लेखी हवी आहे, तुमच्या तिघांच्या सहीने. चार-चार वर्षं सगळ्या मुलांना एकच रीडिंग येतं आणि तुम्ही पाच मिनिटांत वीस सह्या करता. ठीक. समजा, त्या सकाळी सव्वादहाला मी जर्नल पुढे केलं असतं आणि त्यात खरं लिहिलेलं असतं, की ऐंशीला पण गुलाबी जात नाही, द्रावणात काहीतरी गडबड आहे. तुम्ही काय केलं असतं? कॅन बघायला गेला असतात, की लाल पेनाने गोल करून मला रिपीट म्हणाला असतात? साडेबाराला अजून दोन तास होते. सांगा.